पावसाची धास्ती, सातबाऱ्याची धास्ती

हवामान बदलाने मनावर येणाऱ्या ताणाबद्दल अलीकडे बरंच बोललं जातं. बहुतेक चर्चा शहरी तरुणांची आणि पन्नास वर्षांनंतरच्या जगाची असते. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांवर या भावनेला मुदत एवढी लांबची नसते. जुलैमधली रात्र पुरते. पण इथे आणखी एक धास्ती तिच्याही आधीपासून मुक्कामाला आहे, सरकारी कागदाची. पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा प्रश्न दहा-बारा वर्षं का रखडला, हे या दोन्ही धास्ती एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

जुना काळ थोडक्यात. देवराईतली काठीही घरी न्यायची नाही, हा दंडक कोकणात आणि मावळात अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. देवाला गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा, मगच झाडाला हात. त्यात भक्तीइतकीच भीती होती, आणि पाण्याचा हिशेबही होता, कारण अनेक ठिकाणी गावचा बारमाही झरा राईतच असतो. हे सगळं सोवळं होतं असं मात्र नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी कौल लावून त्याच राईतले जुने वृक्ष विकल्याची उदाहरणं कोकणात कमी नाहीत. स्लॅबचं देऊळ उभं राहिलं आणि झरा आटला.

खरी गाठ पडली ती १९७५ मध्ये. त्या वर्षीच्या खाजगी वन संपादन कायद्याने ३० ऑगस्टपासून खाजगी मालकीची जंगलं राज्य सरकारकडे गेली. त्याआधी, विशेषतः पन्नासच्या दशकात, खाजगी जंगलातली तोड रोखण्यासाठी भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ खाली कोकणात आणि मुंबईच्या उपनगरांत नोटिसा निघाल्या होत्या. काही मालकांना त्या मिळाल्या, काहींना मिळाल्याच नाहीत, काहींचा निकालच लागला नाही. तरीही पुढे त्याच नोटिसांच्या आधारे जमिनी वन ठरल्या. वारसनोंद करायला किंवा कर्ज काढायला गेलेल्या शेतकऱ्याला सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वनाचा शेरा दिसायचा. कोकणात आजही ‘पस्तीस सेक्शनची जमीन’ म्हटलं की गिऱ्हाईक मागे फिरतं. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्रोळीच्या जमिनीच्या खटल्यात सांगितलं, की नुसती जुनी, तडीस न गेलेली नोटीस जमीन वन ठरवायला पुरत नाही. मधल्या चार दशकांत गावांनी धडा घेतला होता: झाडं राखली की जमीन जाते. कागद येण्याआधी कुऱ्हाड चालवलेली बरी, हा हिशेब त्यातूनच आला. संवर्धनाच्या चर्चेत या धड्याला फार कमी जागा मिळते.

या पार्श्वभूमीवर २०१० मध्ये केंद्राने घाटासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. २०११ च्या ऑगस्टअखेर तिचा अहवाल आला आणि कपाटात गेला. माहिती अधिकाराची लढाई आणि न्यायालयाचा आदेश झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. त्यात सहा राज्यांतला सगळा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून तीन पातळ्यांचे पट्टे सुचवले होते, आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असं स्पष्ट म्हटलं होतं. हे दुसरं वाक्य गावापर्यंत पोचलंच नाही. पोचलं ते एवढंच: घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, रस्ता होणार नाही. खाणी आणि बांधकामात ज्यांचे हात गुंतले होते त्यांनी ही हवा तापवली, यात शंका नाही. पण १९७५ चा अनुभव गाठीशी नसता तर ती इतक्या सहज तापलीही नसती.

उलट बाजूचा एक पुरावा या गदारोळात हरवला. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ ग्रामसभांनी आपली गावं संवेदनशील जाहीर करा, असे ठराव स्वतःहून केले होते. शेजारीच कळणे गावात लोहखनिजाच्या खाणीवरून संघर्ष पेटलेला होता. डोंगर गेला तर पाणी आणि बागायत जाईल, हे तिथल्या लोकांना कोणी शिकवावं लागलं नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये दुसरा कार्यगट नेमला गेला. एप्रिल २०१३ च्या त्याच्या अहवालातला एक निर्णय पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग पाडले गेले, नैसर्गिक आणि सांस्कृतिक. जिथे वस्ती, शेती, लागवड आहे तो सांस्कृतिक. असा भाग साधारण ६० टक्के भरला आणि संवेदनशील क्षेत्रातून बाहेर पडला. उरलेल्या नैसर्गिक भागातून घाटाचा सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर प्रदेश यादीत आला. एकक गाव धरलं: गावाच्या किमान २० टक्के क्षेत्रावर संवेदनशील भाग असेल तर अख्खं गाव आत.

व्यवहार म्हणून यात तथ्य होतं. लोकांची भीती कमी करायची, तर त्यांच्या परसावर निर्बंध नकोत. पण ही विभागणी जमिनीवर कशी लागू पडणार? देवराई गावाच्या मध्यावर असते. काजूच्या बागेत कोकम, हेळा, किंजळ ही रानातली झाडं उभी असतात. नाचणी-वरीची डोंगरउतारावरची शेती काही वर्षं केली जाते, मग तिथे पुन्हा झाडोरा वाढतो. कोकणातल्या माणसाला जंगल कुठे संपतं आणि आवाठ, म्हणजे वस्ती, कुठे सुरू होतं हे विचारलं तर तो दगडी गडगा दाखवेल, आणि गडग्यापलीकडेही त्याचीच वहिवाट असते. माणूस राहतो म्हणून जागा निसर्गातून वजा, हे गणित वन खात्याच्या जुन्या गणितापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. स्वतःहून पुढे आलेला दोडामार्ग तालुका तर यादीतच राहिला नाही.

१० मार्च २०१४ रोजी संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला. महाराष्ट्राच्या वाट्याला १७,३४० चौरस किलोमीटर. त्याच वर्षी ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. सकाळची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. दीडशेच्या आसपास माणसं गेली. भातखाचरांसाठीच्या पडकई योजनेत यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे काहींनी बोट दाखवलं. त्यावर आजही एकमत नाही.

माळीण पहिलं नव्हतं. महाड तालुक्यात २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते यांनी हेच सोसलं होतं. पण माळीणनंतर डोंगराखाली झोपणं या गोष्टीचा अर्थ बदलला. मग २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ठाकूर समाजाची ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच, असं सरकारने नंतर सांगितलं. तळियेच्या आसपासच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. हवामानशास्त्रज्ञांच्या २०१७ च्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, एकूण मोसमी पाऊस मात्र घटला.

आता दर पावसाळ्यात तलाठी स्थलांतराच्या नोटिशीवर सही घ्यायला वाडीवर येतो. लोक सही करतात आणि अनेकदा घरीच राहतात. लावणी अर्धी असते, गोठ्यात गुरं असतात, आणि एकदा घर सोडलं की जागेवरचा हक्क राहील का हा प्रश्न असतो. बाहेरून हा अडाणीपणा दिसतो. कागदाचा इतिहास माहीत असलेल्याला तसा दिसू नये.

मसुद्यांची मुदत संपत राहिली आणि नवे निघत राहिले: २०१५, २०१७, २०१८, २०२२, आणि सहावा ३१ जुलै २०२४ ला, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यात महाराष्ट्रातली २,५१५ गावं आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याबाबत आदेश दिले. तिथे वृक्षतोडीला न्यायालयाची बंदी २०१३ पासूनच आहे. रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी डोंगर मोकळे केल्याच्या तक्रारीही तेव्हापासून थांबलेल्या नाहीत.