एचडीआर छायाचित्रांचे रूपांतर आणि बोके

एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, छायाचित्रात साठवलेला उजेड-अंधाराचा मोठा पल्ला साध्या पडद्यावर किंवा कागदावर मावेल इतका आवळणे, याला टोन मॅपिंग म्हणतात. फोकसबाहेरच्या पार्श्वभूमीच्या धूसरपणाचा पोत म्हणजे बोके. या रूपांतरात बोके हमखास बिघडतो. विषयाचा चेहरा सुरेख उतरतो आणि मागचे दिवे मात्र खरखरीत, कडा काढल्यासारखे दिसू लागतात.

फोकसबाहेर गेलेला प्रकाशबिंदू संवेदकावर चकतीच्या रूपात पसरतो. चकतीचा आकार डायफ्रॅमच्या, म्हणजे भिंगातले छिद्र लहानमोठे करणाऱ्या यंत्रणेच्या, पात्यांवर आणि व्याप मुख्यत्वे ॲपर्चर (त्या छिद्राचे माप), फोकल लांबी व अंतर यांवर ठरतो. तिची कड हळुवार विरत असेल तर बोके मऊ वाटतो. कडेला उजळ कडे असेल तर पार्श्वभूमी अस्वस्थ वाटते. म्हणजे सारी मदार अगदी सावकाश बदलणाऱ्या उजळपणावर आहे, आणि टोन मॅपिंग नेमका त्यालाच हात घालते.

काळजी चित्रणापासूनच घ्यावी लागते. संशोधक पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या छायाचित्रांतून दृश्यातला मूळ प्रकाश परत काढण्याची पद्धत मांडली. अशी मालिका घेताना शटरचा वेळ बदलावा, ॲपर्चर नव्हे. ॲपर्चर बदलले की प्रत्येक चित्रातली चकती वेगळ्या आकाराची होते आणि एकत्रीकरणानंतर तिला दुहेरी कड येते. वाऱ्याने हलणारी पानेही असाच घोटाळा करतात, पण धूसर भागात तो चटकन लक्षात येत नाही.

टोन मॅपिंगच्या पद्धती ढोबळपणे दोन. जागतिक पद्धतीत संपूर्ण चित्राला एकच वक्र, म्हणजे मूळ उजळपणाचा नवा उजळपणा ठरवणारा एकच नियम, लागतो. स्थानिक पद्धतीत प्रत्येक भागाचा उजळपणा शेजार पाहून ठरतो. 2002 मध्ये फ्रेडो ड्युरांड आणि ज्युली डॉर्सी यांनी बायलॅटरल फिल्टर, म्हणजे कडा शाबूत ठेवून बाकी भाग गुळगुळीत करणारी प्रक्रिया, वापरून चित्राचे आधारस्तर (मोठे उजेड-अंधाराचे भाग) आणि तपशीलस्तर (बारकावे) असे दोन भाग केले, फक्त आधारस्तर आवळला आणि तपशील जसाच्या तसा ठेवला. स्पष्ट कडांसाठी ही युक्ती झकास चालते. धूसर चकतीची कड मात्र ना धड कड, ना धड सपाट भाग. फिल्टर तिथे गोंधळतो, कडेचा काही भाग तपशील समजून ठेवतो आणि चकतीभोवती खोटे कडे उमटते. कायमिंग ही व सहकाऱ्यांचा 2010 चा गाइडेड फिल्टर कडेजवळ उजळपणाची दिशा उलटण्याचा हा दोष बराच कमी करतो. तरीही पार्श्वभूमी मुळातच धूसर असेल तर तिथे स्थानिक पद्धत वापरायचे कारण उरत नाही. वाचवायला तपशीलच नसतो, उठून दिसतो तो नॉइज, म्हणजे संवेदकाचा खरखरीत दाणा. विषयासाठी मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, स्थानिक पद्धत आणि मागच्या भागाला साधा वक्र, हीच वाट जास्त भरवशाची. संपादन सॉफ्टवेअरमधली, स्थानिक उठाव वाढवणारी ‘क्लॅरिटी’ची पट्टी तर पार्श्वभूमीवर शून्यावरच बरी.

धूसरपणा संगणकाने निर्माण केलेला असेल, जसा फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये, तर कामांचा क्रम निर्णायक ठरतो. दिवाळीच्या माळेतला एक दिवा पडद्याच्या पांढऱ्याच्या 200 पट उजळ आहे आणि त्याचा प्रकाश 100 पिक्सेलांच्या चकतीत पसरायचा आहे असे धरू. रेखीय प्रकाशात, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असताना, आधी धूसर केले तर प्रत्येक पिक्सेलला पांढऱ्याच्या दुप्पट उजेड मिळतो आणि चकती लखलखीत राहते. आधी आवळून तो दिवा 1 पटीवर कापला, तर प्रत्येक वाट्याला एक शतांशच येतो. पडद्यासाठी अंधाऱ्या छटांना जास्त पायऱ्या देणाऱ्या गॅमा वक्रातून गेल्यावर 8 बिटच्या मोजणीत हे मूल्य 255 पैकी साधारण 25 असते. दिव्याच्या जागी काळपट ठिपका उरतो. म्हणून आधी धूसर करणे, मग टोन मॅपिंग. मधली फाइल चित्रपटांचे दृश्य-परिणाम करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने 2003 मध्ये खुल्या केलेल्या ओपनईएक्सआरसारख्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे पांढऱ्यापेक्षा उजळ मूल्येही साठवणाऱ्या, स्वरूपात ठेवली तर दिव्यांची मूळ ताकद टिकते.

शेवटची अडचण बँडिंगची. आकाशासारख्या विस्तीर्ण धूसर उतारावर 8 बिटच्या 256 पायऱ्या अपुऱ्या पडून पट्टे दिसतात आणि जेपेगचे दाबणे ते ठळक करते. 16 बिटमध्ये काम करून निर्यातीच्या वेळी किंचित दाणा, म्हणजे डिदरिंग, मिसळला की पट्टे विरतात. अँड्रॉइड 14 सोबत 2023 मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडीआर स्वरूपात साध्या जेपेगसोबत एक गेन मॅप, म्हणजे कुठे किती उजळ करायचे हे सांगणारा नकाशा, असतो. समर्थ पडद्यावर तो उजळपणा परत वाढवतो. हा नकाशा बहुधा मूळ चित्रापेक्षा कमी रिझोल्यूशनचा असतो. पसरट चकत्यांना ते पुरते, पण धूसर दिव्यासमोर एखादा केस किंवा तार आली की तिच्या बाजूने उजेड सांडल्यासारखा दिसू शकतो. एचडीआर पडद्यावर तपासताना आधी नजर तिथे टाकावी.