सव्वा महिन्यानंतरचा घाम

बाळंतिणीची खोली, कोपऱ्यात शेगडी, बाळाच्या डोक्यावर टोपडं आणि अंगाभोवती घट्ट दुपटं. अशा खोलीत दूध पिताना बाळाचं कपाळ घामेजलं तर कुणाला त्याचं काही वाटत नाही. "उकडतंय त्याला," असं म्हणून आजी टोपडं सैल करते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबरच असतं. पण टोपडं काढलं, पंखा लावला, तरी प्रत्येक पाजणीला डोकं ओलंचिंब होत असेल, चार-पाच मिनिटं ओढून बाळ दमून सोडून देत असेल आणि थोड्याच वेळात पुन्हा भुकेनं रडत असेल, तर त्या घामाचा उकाड्याशी संबंध नसण्याची शक्यता मोठी आहे. त्याचं हृदय तपासून घ्यायला हवं.

माझ्या भाचीचा मुलगा वाईला जन्मला तेव्हा तीन किलोचा होता, रडणं खणखणीत. बारशाला सगळ्यांनी त्याला हौसेनं मांडीवर घेतलं. सव्वा महिना होत आला तसं त्याचं बाळसं उतरायला लागलं आणि घरात बोल भाचीला लागला. तिचं दूध पातळ आहे, ती पथ्य पाळत नाही, दूध अंगी लागत नाही. कुणी दृष्ट काढली, कुणी वरचं दूध सुरू करायला सांगितलं. तिच्या दुधात काहीही कमी नव्हतं. बाळाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. ती पोर दोन आठवडे स्वतःला दोष देत रडत होती, हे मला आजही सहन होत नाही.

जन्मजात हृदयदोष दुर्मीळ नाही. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांना तो असतो आणि पडद्याचं भोक हा त्यातला नेहमी आढळणारा प्रकार. मग जन्मल्यावर बाळ इतकं छान कसं दिसतं? आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं हवेऐवजी द्रवानं भरलेली असतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या. जन्मानंतर त्या लगेच पुरत्या सैल होत नाहीत, काही आठवडे हळूहळू सैलावत जातात. तोवर फुप्फुसाकडच्या बाजूलाही दाब बऱ्यापैकी असल्यामुळे भोकातून फारसं रक्त पलीकडे जात नाही. तो दाब उतरला की डाव्या कप्प्यातलं रक्त भोकातून उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसांत जातं. फुप्फुसं रक्तानं जड होतात, हृदयाला तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं. हे बहुधा चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान घडतं. म्हणजे बाळंतीण सव्वा महिन्याची होऊन खोलीबाहेर येते, नेमकी तीच वेळ.

आता दूध पिणं म्हणजे काय ते पाहू. दूध येऊ लागलं की बाळ साधारण सेकंदाला एकदा ओढतं आणि गिळतं. आपल्याला वाटतं, बाळ एकाच वेळी गिळतं आणि श्वासही घेतं. तसं नसतं. प्रत्येक घोटाला श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि श्वास क्षणभर थांबतो. ओढणं, गिळणं, श्वास, असा तीन ठेक्यांचा ताल आहे. मिनिटाला ४० श्वास घेणाऱ्या बाळाला एका श्वासासाठी दीड सेकंद मिळतो, त्यात घोट बसतो. श्वास ७५ वर गेले की एका श्वासाला उरतो जेमतेम पाऊण सेकंद. मग घोट बसवायचा कुठे? बाळ एक तर श्वासासाठी स्तन सोडतं किंवा घोट चुकीच्या वाटेनं जाऊन ठसका लागतो. साताऱ्यात दरवर्षी यवतेश्वरच्या घाटातून हाफ मॅरेथॉन होते. तो घाट धावत चढताना दर सेकंदाला एक घोट पाणी प्यायचं, थांबायचं नाही, असं कुणी सांगितलं तर काय होईल? त्या बाळाची प्रत्येक पाजणी तशी असते. घाम त्या श्रमाचा असतो.

दमल्यामुळे बाळ कमी पितं, आणि त्याची गरज मात्र इतरांपेक्षा जास्त असते. निरोगी तान्ह्याला रोज किलोमागे साधारण १०० ते ११० कॅलरी पुरतात. या बाळांना बऱ्याचदा १२० ते १५० लागतात, कारण धाप लागलेल्या छातीलाच त्यातला मोठा वाटा जातो. आईच्या १०० मिली दुधात ६७च्या आसपास कॅलरी असतात. साडेतीन किलोच्या बाळाला एरवी सव्वापाचशे मिली दुधात भागलं असतं, त्याला आता सातशेच्या वर हवं. जे पाचशे पिताना दमतं, ते सातशे कुठून पिणार? शिवाय हृदयावरच्या ताणानं सुजलेलं यकृत जठरावर दाबतं, त्यामुळे पोट लवकर भरल्यासारखं होतं.

म्हणून डॉक्टर काढलेल्या दुधात मोजून पूरक पावडर घालायला सांगतात, थोडं थोडं पण वारंवार पाजायला सांगतात, आणि पाजणी अर्ध्या तासापुढे ओढू नका म्हणतात, कारण त्यानंतर पोटात जातं त्यापेक्षा खर्चच जास्त होतो. उरलेलं दूध नाकातल्या नळीनं देता येतं. नळी लागली म्हणजे बाळ हाताबाहेर गेलं, असं समजू नका. बाटली सोपी म्हणून अंगावरचं बंद करायचीही घाई नको. बाटलीतून दूध भराभर येतं, तर स्तनावर बाळ आपल्या सवडीनं थांबू शकतं. बोंडल्यानं ओतण्यात धोका आहे, कारण तिथे ठेका बाळाच्या हातात राहत नाही. गुटी, मध, पाणी घातलेलं गायीचं दूध यातलं काहीच नको.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरचा एक त्रास फार कमी घरांना ठाऊक असतो. स्वरयंत्र हलवणारी डावी नस मेंदूकडून येते ती घशापाशी थांबतच नाही. थेट छातीत उतरते, महाधमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर घशात येते. पुण्याहून वाईला निघालेल्यानं सुरूर फाट्याला न वळता साताऱ्यापर्यंत जाऊन माघारी फिरावं, तसा हा प्रवास. गर्भात हृदय मानेजवळच घडतं, मग खाली छातीत सरकतं आणि नसेला सोबत ओढून नेतं. महाधमनीच्या कमानीवर किंवा तिच्या शेजारच्या नलिकेवर शस्त्रक्रिया करताना ही नस दुखावू शकते. मग बाळाचं रडणं घोगरं, दबकं होतं. स्वररज्जू नीट मिटत नाही आणि दूध फुप्फुसाकडे झिरपतं, कधीकधी खोकलाही न येता. घरच्यांना दिसतो तो वारंवार होणारा न्यूमोनिया. दूध पिताना घेतलेल्या क्ष-किरण चित्रफितीत किंवा नाकातून घातलेल्या बारीक कॅमेऱ्यानं हे कळतं. बाळाला कुशीवर धरून, मध्ये मध्ये थांबवत पाजण्यानं पुष्कळांना आराम पडतो. दूध दाट करायचं की नाही हे मात्र तज्ज्ञांनीच ठरवावं.

आशाताई घरी येतात त्या ४२व्या दिवसापर्यंत. त्यानंतरची त्यांची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. नेमक्या या मधल्या काळात बाळ उतरायला लागतं. सुदैवानं लसीचे दिवस याच काळात येतात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. त्या दिवशी वजन करून कार्डावर मांडून घ्या. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांपर्यंत ६० किंवा जास्त आणि नंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दाखवा. ओठ निळे पडत असतील तर मोजतही बसू नका. "पीत नाही" एवढंच न सांगता किती मिनिटं पितं, किती वेळा सोडतं, घाम कुठे येतो ते सांगा. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

भाचीच्या मुलाचं भोक आता बंद केलंय. पण नळीवर कित्येक आठवडे गेल्यानं तोंडाजवळ चमचा आला की तो मान फिरवायचा, उमासे काढायचा. उष्टावणाचा मुहूर्त हुकला तसे घरचे हिरमुसले. थेरपिस्टताईंनी चमचा बाजूला ठेवायला लावला, आणि वरणात बुडवलेलं भाचीचं बोट त्याच्याच हातात दिलं. पहिले काही दिवस त्यानं ते नुसतंच चोळलं. मग एका दुपारी ओठांपर्यंत नेलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा ओढलं.