ग्रीन बिल्डिंगचा दाखला आणि बीईईचे स्टार

पणजीत ऑफिससाठी जागा बघायला गेलं की एजंट हमखास म्हणतो, "साहेब, बिल्डिंग फाइव्ह स्टार आहे, वीजबिलाचं टेन्शन नाही." कसले फाइव्ह स्टार, ते त्यालाही ठाऊक नसतं. हॉटेलचे स्टार सोडूनच देऊ. एसीवरचं लेबल आपण दुकानात वाचतोच, ते त्या यंत्रापुरतं. घोळ होतो तो इमारतीच्या दोन दाखल्यांत, आणि तो निस्तरून मी कंटाळलोय.

एक म्हणजे ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र. सीआयआय या उद्योगांच्या संघटनेची आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम देते. टेरी या ऊर्जा-पर्यावरणातल्या संशोधन संस्थेने विकसित केलेली ग्रिहा ही पद्धत एक ते पाच स्टार देते. यात जागा, पाणी, बांधकामाचं सामान, कचरा, वीज अशा सगळ्याचे गुण एकत्र धरतात. दुसरा म्हणजे बीईईचा, म्हणजे वीजबचतीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या ब्युरोचा, ऑफिस इमारतींसाठीचा स्टार, २००९ पासूनचा. तोही एक ते पाच! दोन्हीकडचे स्टार दिसायला सारखेच, म्हणून ही फसगत.

नव्या इमारतीचं ग्रीन प्रमाणपत्र विजेबद्दल जे सांगतं ते बहुतांशी आराखड्यावरून. काच अशी, भिंत अशी, चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र) असा, माणसं इतकी, ऑफिस इतके तास, तर एवढी वीज लागेल, असा कॉम्प्युटरवरचा अंदाज. (चालू इमारतींसाठी दोघांच्याही वेगळ्या पद्धती आहेत, लॉबीतली पाटी कशाची, ते वाचून घ्यावं.) बीईईला भिंत कशाची आहे याच्याशी कर्तव्य नाही. वर्षभरात वापरलेली युनिटं घ्यायची, पार्किंग वगळून उरलेल्या बांधकामाच्या चौरस मीटरने भागायची, झालं. निम्म्याहून जास्त जागेत एसी असेल, तर गोव्यासारख्या उष्ण-दमट पट्ट्यासाठी २००९ च्या कोष्टकात १०० च्या खाली पाच स्टार आणि १७५ ते २०० ला एक. समजा २,४०० चौरस मीटरचं ऑफिस वर्षाला ४,०८,००० युनिटं जाळतं. भागाकार १७०, म्हणजे दोन स्टार. लॉबीत गोल्डची पाटी असली तरी दोनच.

असं होतं कसं? एका ऑफिसात, नाव नको, ऑगस्टच्या दुपारी गेलो होतो. पितळी पाटी चकाचक पुसलेली, आणि काचेच्या भिंतीवर दव. आतून नव्हे, बाहेरून! आत इतकं गार की बाहेरच्या पावसाळी हवेतलं पाणी काचेवर जमत होतं. रिसेप्शनवरची मुलगी शाल पांघरून बसलेली. थर्मोस्टॅट १८ वर, त्यावर प्लॅस्टिकची डबी, डबीला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. तापमान एक अंश वाढवलं की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं बीईईच सांगते. पाटी खोटी नव्हती. ती आराखड्याला मिळाली होती, आणि आराखड्यात ते कुलूप नव्हतं.

मी बिलाच्या बाजूचा माणूस आहे, हे उघडच आहे. पण बीईईचा स्टारही सगळं सांगत नाही. खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतजमीन, बुजवून उभी केलेली इमारतसुद्धा पाच स्टार मिळवू शकते. मातीचा भराव मीटरवर दिसत नाही. अर्धी रिकामी इमारत या भागाकारात आपोआप गुणी ठरते. आणि छतावरच्या सोलरची युनिटं त्यात धरतच नाहीत. हे मला साफ नापसंत आहे. चारी बाजूंनी काच लावायची, वर पॅनेल टाकायची आणि स्टार घ्यायचे! त्यापेक्षा पश्चिमेला हातभर छज्जा काढा.

तर एजंटला स्टार विचारू नका. मागची बारा बिलं मागा आणि बांधकामाचं क्षेत्रफळ मागा. तो म्हणेल, बिलं मालकाकडे असतात. मग मालकाचा नंबर मागा.