संशोधकांसाठीचा ‘असाधारण क्षमता’ प्रवर्ग : पार्श्वभूमी

विज्ञानातील गुणवत्तेला अग्रक्रम देण्याची कल्पना अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातही होती. परंतु त्या काळी भारताचा वार्षिक कोटा अवघा १०० असल्याने भारतीय शास्त्रज्ञांना तिचा फारसा उपयोग नव्हता. १९६५ मध्ये ही कोटापद्धत मोडीत निघाली. आज संशोधक ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, ज्या ‘असाधारण क्षमता’ अर्थात ईबी-१ए प्रवर्गातून अर्ज करतात, तो मात्र १९९० च्या कायद्याने निर्माण केला आणि १९९१ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला. नोकरीचा प्रस्ताव नको, श्रम प्रमाणपत्र (त्या जागेसाठी पात्र अमेरिकी कर्मचारी उपलब्ध नसल्याचा दाखला) नको, स्थलांतर यंत्रणेकडे स्वतःची याचिका स्वतःच दाखल करता येते, ही त्याची वैशिष्ट्ये फिरत्या कंत्राटांवर काम करणाऱ्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या) संशोधकाच्या विशेष सोयीची ठरली.

नोबेलच्या तोडीचा एखादा पुरस्कार नसेल, तर नियमावलीतील दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात. संशोधक बहुधा शोधनिबंध, इतरांच्या कामाचे परीक्षण आणि क्षेत्रातील महत्त्वाचे मौलिक योगदान या तिघांवर भिस्त ठेवतात. पहिले दोन कागदोपत्री सहज दाखवता येतात; तिसऱ्यासाठी मात्र साइटेशनचे (इतरांनी आपल्या निबंधांचा संदर्भ दिल्याचे) आकडे आणि शिफारसपत्रे यांचा आधार घ्यावा लागतो.

२०१० मध्ये एका अपील न्यायालयाने दिलेल्या निकालाने या प्रवर्गाला वेगळे वळण दिले. एका सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाची याचिका तपासताना स्थलांतर यंत्रणेने म्हटले होते की, निबंध लिहिणे पुरेसे नाही, संशोधक वर्तुळाने त्यांची दखल घेतल्याचेही दिसले पाहिजे. तसेच स्वतःच्या विद्यापीठातील प्रबंधांचे परीक्षण हे परीक्षण म्हणून धरता येणार नाही. नियमात नसलेल्या अशा अटी यंत्रणेने आपल्या मनाने घालू नयेत, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. तरीही अर्जदाराचे तीनऐवजी दोनच निकष पूर्ण होत असल्याने याचिका फेटाळण्याचा निर्णय कायम राहिला. पण त्याच निकालात, असे मुद्दे अंतिम गुणवत्ता-निर्णयाच्या वेळी विचारात घेता येतील, असेही एक वाक्य होते. यंत्रणेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते उचलून धरले आणि दोन टप्प्यांची पद्धत लागू केली : आधी निकषांची मोजणी, मग अर्जदार आपल्या क्षेत्राच्या शिखरावरील मोजक्या लोकांपैकी आहे का, याचा एकत्रित विचार. ज्या अटी पुढच्या दाराने बाहेर काढल्या गेल्या, त्या अशा रीतीने मागच्या दाराने आत आल्या. या दुसऱ्या टप्प्याला ठरावीक मोजमाप नाही, आणि तीनच काय, पाच निकष मान्य होऊनही नकार मिळू शकतो, ही अर्जदारांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. अधिकाऱ्यांची बाजूही अगदीच लंगडी नाही. कारण निबंध आणि परीक्षण हे जवळपास प्रत्येक कार्यरत शास्त्रज्ञाच्या खात्यावर असते, आणि केवळ मोजणीवर भागवले तर ‘असाधारण’ची अट नावापुरती उरेल.

अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांचा कल काहीसा सैल होण्याकडे दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये संघाला मिळालेले पुरस्कार आणि पूर्वीची सदस्यत्वे ग्राह्य धरली जातील, असे स्पष्ट करण्यात आले. दुसरा टप्पा मात्र तसाच राहिला. शिवाय याचिका मंजूर झाली तरी भारतात जन्मलेल्या संशोधकाला देशनिहाय ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे ग्रीन कार्डासाठी रांगेत थांबावे लागते. ईबी-२ या उच्च पदवीधरांसाठीच्या खालच्या प्रवर्गातील दशकाहून लांब रांगेपेक्षा ही रांग बरीच आखूड आहे, आणि आधीच ईबी-२ मध्ये असलेल्यांना जुनी अग्रक्रम-तारीख (रांगेतील जागा ठरवणारी तारीख) इकडे आणता येत असल्यामुळे अनेक जण नव्याने ईबी-१ए ची याचिका दाखल करतात.