जर्मन शिस्तीचे, कोल्हापुरी रांगडे: हे ठरवलं कुणी?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणारं पोरगं जर्मनीला निघालं की गल्लीत सगळे सल्ले द्यायला लागतात. "जपून रहा भावा, ती लोकं लई शिस्तीची", "अजिबात हसत नाहीत", "एक मिनिट उशीर चालत नाही त्यांना". सांगणाऱ्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही जर्मन माणूस जवळून बघितलेला नसतो, तरीपण सगळ्यांचं एकमत. मला ह्या एकमताचंच नवल वाटतं. न भेटलेल्या माणसांबद्दल इतक्या खात्रीनं कसं काय बोलता येतं, ह्यावर मानसशास्त्रात नव्वदएक वर्षं काम चाललंय, आणि त्यातून जे निघालंय ते परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१९३३ साली अमेरिकेत डॅनिएल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली ह्या दोघांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या १०० विद्यार्थ्यांपुढं ८४ गुणांची यादी ठेवली आणि १० वेगवेगळ्या समाजांना त्यातले कुठले गुण लागू पडतात ते विचारलं. १०० पैकी ७८ जणांनी जर्मन लोकांना 'वैज्ञानिक वृत्तीचे' म्हटलं. तुर्की लोकांना काय म्हटलं, तर क्रूर. आता त्या काळी प्रिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या अमेरिकन पोरांच्या ओळखीत तुर्क किती असणार? पण उत्तर तयार होतं, म्हणजे ते भेटीतून आलेलं नव्हतं, आधीच डोक्यात बसलेलं होतं.

पुढं १९५१ आणि १९६९ साली ह्याच विद्यापीठात असाच अभ्यास परत झाला आणि त्यात जपानी लोकांचं काय झालं ते बघा. १९३३ ला ते हुशार आणि कष्टाळू होते, मग महायुद्ध झालं आणि १९५१ ला हुशार म्हणणारे एकदम कमी झाले, त्याऐवजी 'नक्कल करणारे', 'धूर्त' असले शब्द आले, आणि १९६९ ला तेच जपानी परत कष्टाळू. एवढ्या वर्षांत जपानच्या घराघरातल्या माणसांचा स्वभाव दोनदा उलटापालटा झाला असं कुणी म्हणणार नाही, बदललं ते दोन देशांमधलं नातं.

बरं, पण डोक्यातली ही चित्रं सगळीच खोटी कशावरून, काहीतरी तथ्य असेलच की, आग असल्याशिवाय धूर येतोय का, असं लोक म्हणतात. प्रश्न योग्य आहे आणि तो तपासला गेलाय. २००५ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात अँटोनिओ टेराचानो आणि त्यांच्या जगभरच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला. ४९ संस्कृतींमधल्या जवळपास ४००० लोकांना त्यांनी विचारलं की तुमच्या देशातला टिपिकल माणूस कसा असतो, बोलका का घुमा, शिस्तीचा का गबाळा, वगैरे. मग त्याच संस्कृतींमधल्या खऱ्या माणसांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवले. दोन्हीचा मेळच बसेना. आणि हे लोक दुसऱ्या देशाबद्दल बोलत नव्हते, स्वतःच्याच देशाबद्दल बोलत होते!

हा निकाल सगळ्यांना पटला असं नाही. स्टीव्हन हाईन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आक्षेप घेतला की व्यक्तिमत्त्व चाचणीत माणूस स्वतःची तुलना आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांशी करतो, मग देशादेशातला फरक त्यात दिसणार कसा. त्यांनी वागण्याचे आकडे घेतले, आणि ते आकडे होते रॉबर्ट लेव्हीन ह्यांनी ३१ देशांत केलेल्या मोजमापाचे: लोक रस्त्यावर किती वेगानं चालतात, पोस्टातला कारकून एक तिकीट द्यायला किती वेळ घेतो, बँकेतली घड्याळं किती बरोबर असतात. इथं मात्र लोकांच्या डोक्यातली चित्रं बऱ्यापैकी जुळली. म्हणजे 'स्वित्झर्लंडमध्ये सगळं वेळेवर' हे खरंच दिसतं.

मला ह्या दोन अभ्यासांत भांडण दिसत नाही, उलट सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथंच आहे. बँकेतलं घड्याळ बरोबर असणं हा कुणाचा स्वभाव नव्हे, ती व्यवस्था आहे, रीत आहे. लेव्हीन ह्यांनाच असं दिसलं होतं की ज्या देशांची अर्थव्यवस्था मजबूत आणि हवा थंड तिथं आयुष्याचा वेग जास्त. देशादेशात रीती वेगळ्या असतात, नक्कीच असतात, आणि आपण परदेशात गेल्यावर त्या रीतीला तिथल्या माणसाचा स्वभाव समजून बसतो.

उदाहरण घ्या. जर्मनीत रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद. घरात ड्रिल मशीन चालवलं, गाणी मोठ्यानं लावली तर शेजारी येऊन दार वाजवतो, काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी बाहेरच्या पेटीत टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. आपला पोरगा घरी फोन करून सांगतो की इथली माणसं कोरडी आहेत, माणुसकी नाही. पण रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेतच संरक्षण आहे, तो शेजारी लहानपणापासून तसाच वाढलाय, त्याच्या लेखी शांतता राखणं हाच शेजारधर्म. आणि हाच जर्मन माणूस कोल्हापुरात राहायला आला, आणि न सांगता कुणीही घरी यायला लागलं, जिन्यात भेटेल तो "जेवला काय?" आणि "पगार किती?" विचारायला लागला, तर तो घरी काय कळवेल? की इथल्या लोकांना दुसऱ्याच्या खासगीपणाची किंमत नाही. आपल्याला माहीत आहे की हे प्रेमानं विचारलेलं असतं. दुसऱ्याचं वागणं दिसलं की परिस्थिती सोडून थेट त्याच्या स्वभावाकडं बोट दाखवायचं, ही माणसाच्या मनाची जुनी खोड आहे, ली रॉस ह्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये तिला नाव दिलं, मूलभूत आरोपण दोष.

कोल्हापूरकरांना तर हे कळायला अवघड जाऊ नये. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्याला तांबडं तिखट आणि रांगडी भाषा एवढंच दिसतं, पण तांबड्याच्या शेजारच्या वाटीत नारळाच्या दुधाचा सौम्य पांढरा रस्सा असतो तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

परदेशी राहणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, ती जास्त त्रासाची आहे. १९७६ मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड ह्यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दल वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाची २६ वाक्यं, त्यात १८ चांगल्या वागण्याची ८ वाईट, लहान गटाची १३, त्यात ९ चांगली ४ वाईट. प्रमाण एकदम सारखं, ९ ला ४. पण वाचणाऱ्यांना नंतर विचारलं तर लहान गटाच्या नावावर वाईट गोष्टी जास्त लागल्या. त्यांचं म्हणणं असं की कमी दिसणारा गट आणि कमी दिसणारं वागणं एकत्र आलं की ते डोळ्यात भरतं. आता हे जर्मनीतल्या एखाद्या छोट्या गावात राहणाऱ्या एकट्यादुकट्या मराठी माणसाला लावून बघा. गावातल्या चार लोकांनी कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर ती चार माणसं, ह्यानं टाकला तर 'इंडियन लोक'. ह्यात त्या गावकऱ्यांचा दुष्टपणा असेलच असं नाही, पण ओझं वाहायला लागतं ते आपल्या पोराला.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परत येताना इटलीत फ्लोरेन्सला वारले, विशीतला राजा. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं, तिथं त्यांचं स्मारक अजून आहे आणि पुढं जवळ झालेल्या पुलाला 'इंडियानो' म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात. माणूस कोल्हापूरचा, तिथं तो अख्ख्या भारताचा झाला. सन्मानानं झाला म्हणून बरं वाटतं, पण क्रिया तीच.

मग ही चित्रं पुसली कशानं जातात? एका चांगल्या मित्रानं जातील असं वाटतं, पण तेवढ्यानं होत नाही. रेनी वेबर आणि जेनिफर क्रॉकर ह्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की समजुतीला छेद देणारी उदाहरणं एकदोघातच एकवटली असतील तर मन त्यांना बाजूला काढतं, "तो वेगळा आहे रे, त्याच्यावर जाऊ नको". तीच उदाहरणं खूप जणांत थोडी थोडी विखुरलेली असली तर मात्र समजूत ढिली होते.

म्हणून मला वळिवड्याचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. १९४३ ते १९४८ ह्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सोव्हिएत रशियानं घरातून उचलून सायबेरियाकडं नेलेली ही माणसं, सुमारे ५०००, त्यात बहुतेक बायका आणि पोरं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. तोपर्यंत इथल्या माणसासाठी गोरा म्हणजे साहेब, हुकूम सोडणारा. आणि इथं एकदम हजारो गोरी माणसं आली जी बेघर होती, बाजारात भाजीचा भाव करत होती, ज्यांची पोरं पंचगंगेच्या काठी खेळत मोठी झाली. अशा वेळी 'हा एक वेगळा' म्हणून किती जणांना बाजूला काढणार? ती मुलं म्हातारी झाल्यावरसुद्धा कोल्हापूरला भेटायला येत राहिली, महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. छावणी रिकामी झाल्यावर त्याच बराकीत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहिले, तेच आजचं गांधीनगर.

गॉर्डन ऑलपोर्ट ह्यांनी १९५४ मध्ये लिहिलं होतं की नुसत्या भेटीनं भागत नाही, बरोबरीचं नातं, एकत्र करायचं काम आणि वरून पाठिंबा असला तर पूर्वग्रह उतरतो. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप ह्यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले, संपर्कानं पूर्वग्रह कमी होतो हे त्यात स्पष्ट दिसलं, ऑलपोर्टच्या अटी सगळ्या पुऱ्या नसल्या तरी काही प्रमाणात होतोच, असल्या तर जास्त. पर्यटक बसमधून जे बघतो त्यात ह्यातलं काहीच नसतं. एका शिफ्टला, एका मशीनवर काम करणाऱ्याच्या वाट्याला हे सगळं येऊ शकतं.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केलाय, म्हणजे इथून जाणारी पोरं वाढणार. त्यांना जर्मन भाषा शिकवतात, ते हवंच. पण त्याच वर्गात 'जर्मन लोक असे असतात' ह्याऐवजी तिथं रविवार कसा असतो, कचरा कसा वेगळा करतात, शेजाऱ्याकडं जायचं तर आधी का कळवतात, हे कारणांसकट शिकवावं. आणि नॉर्वेच्या स्वेरे लीसगार्ड ह्यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांवर १९५५ मध्ये केलेला अभ्यासही सांगावा. पहिले सहा महिने बरे जातात, मग साधारण दीड वर्षापर्यंतचा काळ सगळ्यात जड, पुढं परत बसतं, असं त्यात दिसलं होतं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा आलेख असाच आला नाही, पण "इथली माणसंच वाईट" हे वाक्य मला ऐकायला मिळतं ते बहुतेक त्या जड काळातल्या फोनवर. तेव्हा घरच्यांनी "मग सोड आणि ये" म्हणायच्या आधी नक्की काय घडलं, कुणी काय केलं, तिथं तसं का करतात हे त्याला विचारावं, आणि उत्तर त्याला माहीत नसलं तर उद्या कामावर कुणालातरी विचारून ये म्हणावं.