चर्चमधलं लग्न आणि पाळकांची वही

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती घरांत लग्न जमलं की आधी मंडप, बँड आणि जेवणाचं बघितलं जातं. पत्रिका छापून झाली की मग पाळकांकडे जायचं. तिथे बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो, आधी चर्चमध्ये लग्नाची घोषणा करावी लागेल असं सांगितलं जातं, आणि घरच्यांना वाटतं, हे उगाच अडवतायत. पण या अटी गावातल्या पाळकांनी किंवा फादरांनी काढलेल्या नाहीत.

मध्ययुगीन युरोपात दोघांनी एकमेकांना वचन दिलं की लग्न झालं, इतकं ते सोपं होतं. साक्षीदार लागत नसत. पुढे नवऱ्याने हात वर केले तर बाईजवळ दाखवायला काही नसे. अशी गुपचूप लग्नं थांबावीत आणि लग्नाला काही अडथळा असेल तर तो आधीच कळावा, म्हणून १२१५ मध्ये रोममधल्या लॅटरन इथे भरलेल्या चर्चच्या सभेने लग्न आधी चर्चमध्ये जाहीर करण्याचा नियम सर्वत्र लागू केला. १५६३ मध्ये ट्रेंट इथल्या चर्चच्या सभेने कॅथलिकांसाठी धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार सक्तीचे केले. म्हणजे घोषणेचं मूळ गुपचूप लग्नं रोखण्यात आहे; तिच्यामुळे बायकांची फसवणूकही अवघड होते, आणि मला तरी तिचं मोल त्यामुळेच वाटतं.

आपल्याकडचा ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. या कायद्याखाली परवाना असलेल्या पाळकांकडे वर किंवा वधूने आधी लेखी सूचना द्यावी लागते, ती चर्चमध्ये लावली जाते, आणि चार दिवस उलटल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. ते मिळाल्यावर दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पुन्हा करायचं. वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात, सवलती मोजक्याच. वयाची अट मात्र पार बदलली. मूळ कायद्यात देशी ख्रिस्ती वराला १६ आणि वधूला १३ वर्षं पुरत. १९७८ च्या दुरुस्तीने ती २१ आणि १८ झाली.

खानदेशात भुसावळ, जळगावकडे अलायन्स मिशन हे धर्मप्रसारक मंडळ आलं, तर पश्चिमेच्या भिल्ल-मावची आदिवासी गावांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. तिथे लग्न पंचांसमोर, देज (वधूमूल्य) ठरवून होई. त्याची साक्ष गावाच्या आठवणीत राही, कागदावर नाही. कायद्याने पाळकांना नोंदवही ठेवणं भाग पडलं आणि नवरा-नवरीचं नाव, वय, साक्षीदारांच्या सह्या वा अंगठे कागदावर आले. पुढे वारसा, पेन्शन किंवा पोटगीचा प्रश्न आला की विधवा किंवा टाकलेल्या बाईला हीच नोंद उपयोगी पडते.

कॅथलिक आणि काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत ईस्टरआधीच्या उपवासकाळात शक्यतो लग्न लावत नाहीत. ईस्टर उलटला की शेतंही मोकळी असतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये लग्नांची दाटी होते आणि एका पाळकाकडे अनेक गावं असतात. उन्हाळ्यात लग्न करायचं असेल तर नाताळच्या सुमारासच पाळकांना भेटावं, आणि हॉलची तारीख त्यांना विचारूनच पक्की करावी.