डेथ इन पॅरडाइज

डेथ इन पॅरडाइज : हलक्याफुलक्या बाजाची ब्रिटिश-फ्रेंच गुन्हेशोध मालिका. २५ ऑक्टोबर २०११ पासून बीबीसी वनवर प्रसारित. निर्माता-लेखक रॉबर्ट थोरोगुड. कथा घडते कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मरी या काल्पनिक बेटावर. हे बेट ब्रिटिशांच्या ताब्यातले, पण वळण बरेचसे फ्रेंच. चित्रीकरण होते ग्वादलूप या फ्रेंच बेटावरच्या देए गावात.

थोरोगुडला कल्पना सुचली ती क्रिकेटच्या एका बातमीवरून. २००७ च्या विश्वचषकात पाकिस्तान आयर्लंडकडून हरला (त्याच दिवशी भारतही बांगलादेशाकडून हरला, ते आपल्याकडे कोणी विसरलेले नाही). दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर जमैकातल्या हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडले आणि वारले. खुनाचा संशय आला, स्कॉटलंड यार्डचे अधिकारी मदतीला गेले. मृत्यू नैसर्गिक असल्याचे पुढे जाहीर झाले. पण उन्हाच्या बेटावर उतरलेला लंडनचा पोलीस थोरोगुडच्या डोक्यात राहिला.

त्याचा पहिला अवतार म्हणजे इन्स्पेक्टर रिचर्ड पूल (बेन मिलर). एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या खुनाचा तपास करायला तो येतो आणि इथेच अडकतो. लोकरी सूट, टाय, हातात ब्रीफकेस. वाळू, समुद्र, मासळी यांतले काहीच न आवडणारा आणि मनासारख्या चहासाठी झुरणारा. घरात हॅरी नावाचा सरडा, तोही संगणकावर घडवलेला. भोवतालचे लोक आपल्या घरी निवांत असतात आणि विचित्र दिसतो तो साहेबच, ही मालिकेतली खरी गंमत.

भागांचा साचा ठरलेला. सुरुवातीलाच खून, तोही बहुधा अशक्य वाटणारा : दार आतून बंद, नाहीतर सगळे संशयित एकमेकांच्या डोळ्यांसमोर. ठाण्यातल्या फळ्यावर नावे चढतात, कोडे सुटत नाही. मग कोणीतरी सहज काही बोलते, इन्स्पेक्टर मध्येच थबकतो आणि सगळ्यांना एकत्र बोलवायला सांगतो. रक्तपात जवळपास नाहीच. पुरावे पडद्यावर आधीच दिसलेले असतात, त्यामुळे प्रेक्षकालाही डोके लढवता येते. खुनी कोण यापेक्षा खून कसा केला, यातच लेखकांना जास्त रस. काही युक्त्या मात्र पटायला जड जातात.

तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात (२०१४) बर्फ फोडायच्या टोच्याने पूलचाच खून होतो आणि त्याचा छडा नवा इन्स्पेक्टर लावतो. नायक बदलण्याची ही तऱ्हा धीटच. हा नवा इन्स्पेक्टर म्हणजे धांदरट हम्फ्री गुडमन (क्रिस मार्शल). पुढे आयरिश जॅक मूनी (आर्डल ओ'हॅनलन) आणि सतत कसली ना कसली अ‍ॅलर्जी उठणारा नेव्हिल पार्कर (राल्फ लिटल) आले. कमिशनर सेल्विन पॅटरसन (डॉन वॉरिंग्टन) मात्र पहिल्या पर्वापासूनचे. एका थंड नजरेत ते समोरच्याला गार करतात.

मालिकेवरचा मोठा आक्षेप रास्त आहे. बेट कृष्णवर्णीयांचे, हवालदार तिथलेच, आणि शेवटचा उलगडा दरवेळी बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसाने करायचा. तेरा पर्वे हे असेच चालले. २०२४ च्या नाताळ विशेष भागात मर्विन विल्सन (डॉन गिले) हा पहिला कृष्णवर्णीय नायक आला. तोही लंडनचाच, बेटावर कुरकुरणारा. पण त्याची जन्मदात्री इथली असल्याने परकेपणाचा अर्थ त्याच्यापुरता बदलतो.

उपमालिका दोन : गुडमनला इंग्लंडच्या डेव्हनमधल्या गावात नेणारी बियाँड पॅरडाइज (२०२३) आणि ऑस्ट्रेलियात घडणारी, स्त्री नायिका असलेली रिटर्न टू पॅरडाइज (२०२४).